शब्दचर्चा : बंब – पेटवायचा आणि विझवायचा

मेलबर्नहून
इथल्या एका जुन्या घराचं माहितीपत्रक मराठीत आणते आहे. घराच्या न्हाणीघरात 'चिप हीटर' आहे. पत्र्याचा, कमरेएवढा, उभ्या नळकांड्यासारखा, टबाला खेटून बसवलेला. खाली विस्तवाचं छोटं दार, वर छपराबाहेर गेलेलं धुराडं. लाकडाच्या ढलप्या, पाइनची वाळकी बोंडं, रद्दी, हाताला येईल ते आत सारायचं आणि नळ सोडला की तिथल्या तिथे ऊन पाणी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १८८० च्या दशकापासून थेट १९६० च्या दशकापर्यंत या वस्तूचं राज्य होतं. मी सरळ 'बंब' लिहून मोकळी झाले. घरातून आक्षेप आला की आजच्या वाचकाला बंब म्हटलं की आगीचाच दिसतो. 'जलतापक' करू का? आणि आता डोक्यात किडा शिरलाच आहे तर विचारते: आग पेटवायच्या आणि आग विझवायच्या वस्तूला एकच नाव कसं काय?

पुण्याहून
बंबच लिहा. 'जलतापक' निविदेत शोभतो, न्हाणीत नाही.

पण लिहिण्याआधी दोन्ही वस्तूंच्या पोटात काय आहे ते पाहून घ्या. आमच्या घरचा तांब्याचा बंब हल्ली दारापाशी छत्र्या ठेवायला उभा असतो, म्हणून आत हात घालून सांगतो. बाहेरून पिंपासारखा गोल देह, उतरते खांदे, दोन बाजूंना कड्या, खाली तीन पाय. मधोमध बुडापासून माथ्यापर्यंत आरपार नळी. बोटं मिटली तर पंजा आत जातो, पसरली तर अडकतो. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी. विस्तव जाळीवर, राख जाळीखाली, धूर नळीतून वर, आणि पाणी नळीच्या चहूबाजूंनी. चुलीवरच्या हंड्याची निम्मी धग हंड्याला वळसा घालून वाऱ्यावर जाते. बंबात आग पाण्याच्या पोटातच असते, तिला पाण्याशिवाय शेजारच नाही. शिवाय नळी हेच धुराडं, त्यामुळे गरम हवा वर चढली की जाळीखालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. एकदा पेट घेतला की फुंकणी बाजूला ठेवायची.

पाणी काढायच्या तऱ्हा दोन. एकीत बुडाजवळ पितळी तोटी, बादली लावा आणि सोडा. सोपी, पण घातकी. नळीचे सांधे डाख देऊन जोडलेले असतात. पाणी उतरलं आणि विस्तव तसाच राहिला की डाख वितळते, नळी गळायला लागते, आणि बंबाला तांबट आळीची वाट धरावी लागते. म्हणून जुन्या घरांत दटावणी असायची: आधी गार घाला, मग ऊन काढा.

दुसऱ्या तऱ्हेत ही दटावणी बंबातच बसवलेली असते. माथ्यावर नरसाळ्यासारखं तोंड, त्याची नळी आत थेट तळापर्यंत, आणि ऊन पाणी बाहेर पडायची तोटी मात्र वर, खांद्यापाशी. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाला जातं आणि वर तरंगणारं तेवढंच कढत पाणी तोटीतून बादलीत पडतं. ओतल्याशिवाय मिळतच नाही. त्यामुळे पातळी खाली जात नाही, नळी कोरडी पडत नाही, आणि घरातल्या धांदरट मुलाच्या हातीही बंब सुरक्षित राहतो. ज्या तांबटाला हे पहिल्यांदा सुचलं त्याचं मला फार कौतुक वाटतं.

तुमचा चिप हीटर यापेक्षा वेगळा. तो पाणी साठवत नाही. गार पाणी एकीकडून येतं, विस्तवाच्या भोवतीने जाता जाता तापतं आणि दुसरीकडून टबात पडतं.

बडोद्याहून
आमच्या शेजारचे गुजराती लोक अंघोळीच्या बंबाला 'बंबो' म्हणतात आणि आगीच्या बंबालाही 'बंबो'च. फोड करून सांगायचं असेल तेव्हा आगीच्या बंबाला 'लायबंबो' म्हणतात. लाय म्हणजे आग. म्हणजे एका शब्दाचे हे दोन संसार फक्त मराठीतच नाहीत. उत्तरेत हिंदीवाले 'बंबा' म्हणतात तो तर तिसराच: कुठे नळ, कुठे पंप, कुठे शेतात पाणी नेणारा छोटा कालवा.

फोंड्याहून
मूळ पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप. पोर्तुगीजमध्ये आग विझवणाऱ्याला आजही 'बोंबेरु' म्हणतात. मराठीच्या न्हाणीत पोर्तुगीज भरपूर सांडली आहे. बादली 'बाल्द'वरून, पिंप 'पिपा'वरून, घमेलं 'गामेला'वरून. पिपाचं पिंप होताना शेवटचा आकार गळला, तसाच बोंबाचा बंब होतानाही गळला. हिंदीने आणि गुजरातीने शेवटचा स्वर राखला.

गंमत अशी की पोर्तुगीजांच्या इतक्या जवळ असून आमच्याकडच्या जुन्या घरांत अंघोळीचं पाणी बंबात तापत नसे. न्हाणीच्या कोपऱ्यात चुलीवर कायमचं लिंपून बसवलेलं तांब्याचं मोठं भांडं असायचं, त्याला 'भाण' म्हणतात. खाली झावळ्या, करवंट्या, सोडणं घालायची. भाण हलत नाही. बंब कड्यांना धरून उचलून नेता येतो.

बेळगावहून
कन्नडात त्याच लिंपलेल्या भांड्याला 'हंडे'. आमच्या आजोळी हंडेही होता आणि बंबही. रोजच्या अंघोळीला हंडे, पाहुणे आले की बंब. बंब घासून पुसून ठेवलेला असे, जावयासाठी असावा तसा.

नागपूरहून
फोंडेकरांचं सगळं मान्य, पण मूळ शंका तशीच राहिली. पंपाचं नाव आगीच्या यंत्राला लागलं हे समजतं, कारण त्यात पंप असतोच. दोन्ही बाजूंनी माणसं दांडा खालीवर करत आणि पाण्याची धार उडे. अंघोळीच्या बंबात पंप कुठे आहे? एक थेंब तरी तो स्वतःहून वर चढवतो का?

पुण्याहून
रास्त शंका. यावर माझा एक तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्या.

हातपंपाच्या बंबानंतर वाफेचा बंब आला. लंडनमध्ये ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी पहिला वाफेचा बंब १८२९ मध्ये केला, आणि पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यांनी ओढायचे वाफेचे बंब मोठ्या शहरांत रूढ झाले. त्याचं चित्र पाहा. गाडीच्या मागच्या बाजूला चकचकीत धातूचा उभा गोल बॉयलर, खाली विस्तव, वर धुराडं, आणि धगीच्या भोवती पाणी. पाय लावा, तोटी बसवा, तो न्हाणीत उभा राहील! आगीच्या बंबाचं पोट आणि अंघोळीच्या बंबाचं पोट ही एकाच जातीची रचना आहे. एकात वाफ करायची, दुसऱ्यात नुसतं ऊन पाणी. ज्यांनी रस्त्यावरून धूर सोडत धावणारा बंब पाहिला त्यांना घरातल्या धूर सोडणाऱ्या तांब्याच्या पिंपालाही बंब म्हणावंसं वाटलं, तर नवल काय?

नागपूरहून
चित्र झकास आहे, पण जमवून आणल्यासारखं वाटतं. इतकं लांब जायची गरज नाही. हिंदीत नळालाही बंबा म्हणतात असं बडोदेकरांनीच सांगितलं. धातूचं, तोटीचं, पाणी सोडणारं जे काही असेल ते बंब. अंघोळीच्या बंबाला तोटी आहे, झालं.

पुण्याहून
तोटी तर माठालाही असते. त्याला कोणी बंब म्हणालं नाही. धूर हवाच.

बडोद्याहून
दोघंही थांबा. मेलबर्नकरांना पत्रक छापायचं आहे.

बेळगावहून
रचनेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, ही कल्पना कोणा एकाची नाही. रशियाचा समोवार आतून हुबेहूब बंब आहे: मधे नळी, नळीत कोळसे, भोवती पाणी, खाली तोटी. तिथल्या 'तुला' नावाच्या शहरात लिसित्सिन बंधूंचा समोवारांचा कारखाना १७७८ मध्ये सुरू झाला. काश्मिरात तोच समोवार कहवा आणि नून चायसाठी. समोवारचा अर्थ 'आपोआप उकळणारा'. आणि त्याच्याही पुष्कळ आधी, इ. स. पूर्व ८० मधल्या, रोमन वक्ता सिसेरो याच्या एका भाषणात 'ऑथेप्सा' नावाच्या महागड्या भांड्याचा उल्लेख येतो. तो शब्द ग्रीक, आणि अर्थ तोच, आपोआप शिजवणारं. पाँपेईच्या राखेतून निघालेली पोटात विस्तव ठेवायची काशाची भांडी नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे हिमाचलात, उत्तराखंडात अशाच बंबाला 'हमाम' म्हणतात.

नागपूरहून
म्हणजे बाकीच्यांनी त्यात चहा केला, आपण अंघोळ केली.

मेलबर्नहून
तुम्ही सगळे वाहवत गेलात ते बरंच झालं. आता जळणाबद्दल विचारते. पत्रकात 'चिप्स' आहे. ढलप्या लिहिलंय. बंबाच्या जळणाला वेगळा शब्द होता का?

पुण्याहून
होता. बंबफोड. लाकडाच्या वखारीत चुलीसाठी मोठी फोड आणि बंबासाठी बंबफोड वेगळी मिळायची. मनगटाहून बारीक, वीतभर लांब, कारण ती वरून नळीत सोडायची असते. जाड लाकूड नळीत अडकतं, खालची हवा तुंबते आणि सगळा धूर डोळ्यांत. पेटवायची रीत अशी: आधी जाळी हलवून कालची राख पाडायची, मग चुरगळलेला कागद, करवंटीचे तुकडे, त्यावर दोन-चार ढलप्या. त्यांनी जोर धरला की बंबफोड उभी सोडायची, आडवी नाही. धूर सरून नुसते निखारे उरले की नळीवर झाकण. मग पाणी सूं सूं करायला लागतं.

जळण किती लागतं त्याचा हिशेब बसवून पाहिला. ३० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १,२०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी. सगळी उष्णता पाण्याला मिळाली तर किलोचा तिसरा हिस्सा पुरेल. निम्मी धुराड्यातून गेली असं धरलं तरी पाऊण किलोच्या आत काम होतं. ६० अंशांच्या ३० लिटरमध्ये विसण घातलं की दोन-तीन माणसांच्या अंघोळी आरामात.

मेलबर्नहून
'विसण' कित्येक वर्षांनी ऐकला. गार पाणी मिसळून बेताचं करणं, बरोबर?

फोंड्याहून
मिसळायचं जे गार पाणी, तेच विसण. 'पाणी कढत आहे, विसण घाल.' ऊन पाण्यात गार घातलं तरच विसण. उलट केलं तर नाही.

नागपूरहून
बंबाचा आणखी एक प्रयोग नोंदवून ठेवा: 'बंबात घाल.' जुन्या वह्या, फसलेली कविता, नको असलेली पत्रिका, सगळ्याला एकच शिक्षा. आता बंब गेले तरी एखादं लिखाण 'बंबात घालायच्या लायकीचं' असतंच.

आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून बंब घासायचं काम ज्याच्या वाट्याला यायचं, त्याला तांब्याच्या सौंदर्याबद्दल काही सांगू नका.

बडोद्याहून
एक गंभीर गोष्ट. पत्रक वाचून कोणाला हौस आली आणि जुना बंब बाहेर काढला, तर तो अंगणात किंवा उघड्यावरच पेटवावा. बंद न्हाणीघरात निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे बंब परसात पेटवून पाणी आत नेण्याची पद्धत होती, त्यामुळे पुष्कळांचा जीव वाचला असेल. चिप हीटरचं धुराडं छपराबाहेर नेलेलं असतं ते याच कारणासाठी.

मेलबर्नहून
मग 'गीझर' शब्दाचं काय? तरुण वाचकासाठी 'लाकडावरचा गीझर' केलं तर?

बेळगावहून
काम चालत्या पाण्याचं आहे, म्हणून तेवढ्यापुरतं बरोबर वाटतं. गीझर हे नाव आइसलँडच्या 'गेसिर' या उसळत्या ऊन झऱ्यावरून, आणि तसलं यंत्र लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये केलं ते वाहत्या पाण्याचंच होतं, फक्त गॅसवर. पण आज गीझर म्हटलं की भिंतीवरची पांढरी टाकी आणि लाल दिवा दिसतो. विस्तव दिसत नाही. बंब म्हटलं की धूर येतो.

पुण्याहून
तेच म्हणतोय. धूर हवाच. 'बंब' लिहा आणि पहिल्या उल्लेखाला 'ढलप्यांवर चालणारा' जोडा, म्हणजे आगीच्या बंबाशी घोळ होणार नाही. आणि पाणी साठत नाही, वाहता वाहता तापतं, हे एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे ज्यांच्या घरी बंब होता ते पत्र पाठवून चूक काढणार नाहीत.

मेलबर्नहून
हे पाहा: 'न्हाणीघरात, टबाच्या डोक्याशी, लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा बंब होता. पाणी त्यात साठत नसे. विस्तवाभोवतून येता येताच तापे. नळ बारीक सोडला तर कढत, मोठा सोडला तर कोमट.'

नागपूरहून
'डोक्याशी' कशाला? 'उशाशी' म्हणा.

फोंड्याहून
उशाशी उत्तम. आणि टब तसाच राहू द्या. भरात येऊन घंगाळ केलंत तर त्यात अख्खा ऑस्ट्रेलियन मावायचा नाही.