चर्च दूर हाये, मंग घरची प्रार्थना मंडळी नाई का?

प्रश्न: यवतमाळकडं आमच्या गावात ख्रिस्ती घरं दोन-तीनच, चर्च तालुक्याला, सोयाबीनच्या सीझनमधे रविवारी जाणं होत नाई मंग घरीच बायबल वाचतो. एक घर कॅथलिक, बाकी सीएनआय, म्हंजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे. लोक म्हणतात ही मंडळी, म्हंजे खरं चर्च, नाहीच. खरं का?

उत्तर: काहून नाई भाऊ! मत्तय १८:२० वाचा, दोघं-तिघं जमले तरी येशू मधात हाये. सीएनआय तर १९७० मधे नागपुरातच सहा चर्च मिळून झालं.

उत्तर: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मधे मिशन सोडून साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मले हे फार मोठं वाटते.

उत्तर: प्रभुभोजनाले (भाकर-द्राक्षरसाच्या विधीले) मात्र आपापल्या चर्चमधे जा, कॅथलिकांचा नियम वेगळा हाये, त्याचा मान ठेवा. प्रार्थना सोबतच करा, आन गावात कोणी एकटी बाई असंल तर तिचं सोयाबीन आधी काढून द्या, ती कोणत्याही धर्माची असो.