बोज्झंग (बोधीची सात अंगं) वाढवायचे म्हणजे रोजच्या बैठकीत नेमकं करायचं काय?

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. इगतपुरीला धम्मगिरीवर 10 दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आणि तेव्हापासून घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसते, फार चुकवत नाही. पण सकाळी बसलं की थोड्या वेळात डोकं जड होतं, झोप म्हणावी तशी नाही पण एक गुंगी असते, श्वास कुठे गेला तेच कळत नाही, आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बरोबर उलटं, मिटिंगमधलं बोलणं, व्हॉट्सॲप, उद्याचा डबा, सगळं एकदम. दोन्ही वेळेला मी एकच करते, समता ठेवून बघत राहते. संध्याकाळी ते थोडं तरी चालतं, सकाळी मात्र गुंगी बघत बसलं की ती वाढतच जाते.

सध्या सतिपट्ठान सुत्त (सजगतेवरचं बुद्धांचं प्रवचन) वाचतेय, त्यात धम्मानुपस्सनेत, म्हणजे मनातल्या गोष्टी न्याहाळण्याच्या भागात, सात बोज्झंग आले: सति (सजगता), धम्मविचय (नीट तपासून बघणं), विरिय (जोमाने प्रयत्न), पीति (आनंदाची लहर), पस्सद्धि (शांतता), समाधि (एकाग्रता), उपेक्खा (समता). हे एकेक करून क्रमाने वाढवायचे असतात का? उपेक्खा तर शेवटी आहे, मग मी पहिल्यापासून तीच धरून बसलेय हे बरोबर आहे का?

पिंपळपान
नमो बुद्धाय. तुमचा प्रश्न संयुत्त निकाय या सुत्तसंग्रहातल्या अग्गि सुत्तात जवळजवळ जसाच्या तसा आहे. श्रावस्तीत भिक्खू भिक्षेला निघालेले असताना दुसऱ्या पंथाचे परिव्राजक त्यांना म्हणतात, आम्हीपण पाच नीवरणं (मनाचे अडथळे) सोडा आणि सात बोज्झंग वाढवा असंच शिकवतो, मग तुमच्या गुरूंचं वेगळं काय? बुद्ध म्हणतात, त्यांना विचारा, चित्त मरगळलेलं असताना कुठल्या बोज्झंगाची वेळ असते आणि चित्त उसळलेलं असताना कुठल्याची, त्यांना नाही सांगता येणार. म्हणजे कधी काय हे कळणं, सगळा भर त्याच्यावर आहे.

मरगळ असेल तेव्हा पस्सद्धि, समाधि, उपेक्खा यांची वेळ नाही. विझत आलेल्या आगीवर ओलं गवत, ओलं शेण, ओली लाकडं टाकली तर ती पेटेल का, असं बुद्ध विचारतात. तेव्हा धम्मविचय, विरिय आणि पीति. चित्त उसळलेलं असेल तर उलटं, तेव्हा शांत करणारे तिघं. आणि सति? ती सगळीकडे लागते, सब्बत्थिक असा शब्द आहे तिथे.

तुमची सकाळ त्यामुळेच अडते असं मला वाटतं. मंद झालेल्या चित्तात जी शांतता वाटते ती उपेक्खासारखी दिसते फक्त. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी हे स्पष्ट सांगितलंय की अज्ञानातून येणारी बेफिकिरी ही उपेक्खेची जवळची शत्रू, जवळची म्हणजे दिसायला सारखी म्हणून पटकन ओळखू न येणारी.

जुनी_साधक
वरच्या सुत्ताबद्दल वाद नाही पण एक गोष्ट खटकली. नवीन साधकाने हे वाचलं की बैठकीत बसून आता विरिय का आता पस्सद्धि असा हिशोब सुरू होतो आणि तासभर नुसता विचार चालतो. सायली, समता म्हणजे सुस्त बसणं असं शिबिरात कोणीच शिकवत नाही, सतिपट्ठानातच आतापी सम्पजानो सतिमा म्हटलंय, आतापी म्हणजे कष्ट घेणारा. झोप येत असेल तर थोडा वेळ जाणूनबुजून जोरात श्वास घ्या, चित्त फारच पळत असेल तर अंगावरच्या संवेदना सोडून परत आनापानावर (नुसत्या श्वासावर) या, या सूचना आपल्याला मिळालेल्याच असतात, घरी आल्यावर त्या विसरल्या जातात एवढंच. तुमची तीन शिबिरं झाली आणि रोजचा अभ्यास टिकला की 8 दिवसांचं सतिपट्ठान शिबिर नक्की करा, सुत्त तिथे साधनेसोबत ऐकायला मिळतं, वाचण्यात आणि त्याच्यात खूप फरक पडतो.

पिंपळपान
@जुनी_साधक, हिशोब नको हे एकदम मान्य. पण गुंगी आली हे कळणं म्हणजे सति, ही कशाने वाढतेय, जड जेवणाने का अपुऱ्या झोपेने, हे बघणं म्हणजे धम्मविचय, आणि पाठ सरळ करून जोरात श्वास घेणं म्हणजे विरिय. तुम्ही सांगितलेल्या सूचनेत तिन्ही आहेत.

बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान ध्यानात पेंगत होते तेव्हा बुद्धांनी त्यांना जे सांगितलं ते तर फारच व्यवहारी आहे. ज्या विचारात असताना झोप आली तो सोडा, ऐकलेला धम्म आठवा, तो मोठ्याने म्हणा, कान ओढा आणि अंग चोळा, उठून डोळ्यांवर पाणी मारा, वर चांदण्यांकडे बघा, मनात उजेड आणा, चालत ध्यान करा. एवढं करूनही नाहीच जमलं तर उठायची वेळ मनात ठरवून उजव्या कुशीवर झोपा!

नीलकमळ_नागपूर
जय भीम, नमो बुद्धाय. एक भर घालतो. आमच्याकडे लहानपणापासून विहारात परित्राण पाठ (रक्षणासाठी म्हणायची सुत्तं, पालीत परित्त) ऐकलाय, आजारी माणसाच्या घरी बोज्झंग परित्त म्हटलं जातं. बुद्धांचे शिष्य महाकस्सप पिप्फली गुहेत आजारी होते तेव्हा बुद्धांनी त्यांना हे सात बोज्झंग सांगितले, आजारी मोग्गल्लानांना गिज्झकूट डोंगरावर सांगितले, आणि स्वतः बुद्ध वेळुवनात आजारी पडले तेव्हा शिष्य महाचुंदांना म्हणायला लावले. तिघंही बरे झाले असं सुत्तात आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की पाठ वेगळा आणि ध्यान वेगळं. मला नाही पटत. ज्यांना ऐकवले त्यांनी हे गुण आयुष्यभर वाढवलेले होते, ऐकताना ते आतून जागे झाले असणार. आणि वर पिंपळपान यांनी सांगितलंच, धम्म मोठ्याने म्हणणं हा झोपेवरचा उपाय मोग्गल्लानांनाच दिलेला आहे. मी सकाळी बसायच्या आधी वंदना आणि हे परित्त अर्थ लक्षात घेत म्हणतो, घाईघाईत नाही, चित्त उजळून निघतं आणि मग बसलं की फरक जाणवतो. सायलीताई, करून बघा.

सायली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार, सकाळचं कळलं. नीलकमळदादा, परित्त उद्यापासूनच म्हणते. आता संध्याकाळचं विचारते, पस्सद्धि मुद्दाम आणता येते का? आणि पीतिबद्दल भीती वाटते, कधीकधी अंगभर शिरशिरी येते, छान वाटतं, पण आसक्ती होईल म्हणून मी लगेच लक्ष काढून घेते.

जुनी_साधक
लक्ष काढून घेऊ नका हो, तीही संवेदनाच आहे. आली, आहे, जाईल. पुन्हा हवी असं वाटलं तर तेवढं ओळखा आणि पुढे चला.

पिंपळपान
पीतिला घाबरायचं कारणच नाही. आनापानसति सुत्तातल्या 16 पायऱ्यांमधली पाचवीच पीति अनुभवत श्वास घेण्याची आहे. अट्ठकथेत (सुत्तांवरच्या जुन्या भाष्यात) तिचे पाच प्रकार सांगितलेत, अंगावर काटा येण्याएवढी छोटी इथपासून सगळं शरीर भरून टाकणारी इथपर्यंत. बोज्झंगांच्या क्रमात पीतिच्या मागोमाग पस्सद्धि येते, आधी शरीर निवतं मग चित्त, म्हणजे तुम्ही शिरशिरीपासून पळालात तर पुढची शांतताच अडते.

मुद्दाम आणण्याबद्दल म्हणाल तर अट्ठकथेत पस्सद्धिसाठी मानवणारं चांगलं अन्न, सोसणारी हवा, सुखाचं आसन आणि शांत स्वभावाच्या माणसांची संगत, एवढं साधं सांगितलंय. त्यामुळे लोकलमधून उतरून थेट आसनावर बसू नका. हातपाय धुवा, हलकं काहीतरी खा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मांडी घालून पाय दुखत असतील तर खुर्चीवर बसा, आणि सुरुवातीचा बराच वेळ फक्त आनापान करा, संवेदनांकडे जायची घाई नको.