मदत हवी आहे: फुलावर आलेलं गाजरगवत कंपोस्टात टाकावं का?

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी सिंहगड रोडला. मागच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कमरेइतकं माजलंय. ओळखीबद्दल शंका नाही: गाजरासारखी फाटलेली पानं, खोडावर उभ्या रेघा नि लव, शेंड्याला पांढरे झुबके. कोवळेपणी पानं जमिनीलगत पसरून बसतं तेव्हा दवण्यासारखं दिसतं, म्हणून कुणी हात लावला नाही. एका काकूंनी तर कुंडीत लावलं!

आता माळीदादा म्हणतात, उपटून सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्यात टाकू. मला धास्ती वाटते. आपण ज्याला एक फूल समजतो तो सूर्यफुलासारखा गुच्छच; कडेच्या पाच फुलांना प्रत्येकी एक बी धरतं. असे गुच्छ इतके की एका झाडाच्या बिया १५ ते २५ हजारांवर जातात. खड्ड्यात त्या मरतील का? कमिटीत एकजण हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे आणायचं म्हणतोय, ते झेपेल का? तळमजल्यावरच्या आजोबांच्या अंगाला खाज सुटलीय, त्यामुळे जरा घाई आहे.

– आंबाडी

रानवाट:
फुललेलं अजिबात टाकू नका. सोसायटीचा खड्डा बी मरण्याइतका तापतोच असं नाही, मग तेच खत कुंड्याकुंड्यांत जाईल. फुलं यायच्या आधीचं बिनधास्त टाका. फुललेलं जाड काळ्या पिशव्यांत बांधून उन्हात पूर्ण कुजू द्या. जाळू नका.

पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा मुळासकट उपटा. कोयत्याने छाटलं तर बुडातून परत फुटतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क हवेतच. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या रसायनामुळे त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून आजोबांना त्या दिवशी खिडक्या बंद ठेवायला सांगा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

भुंगे मुद्दाम आणायच्या आधी पानं उलटून बघा. १९८४ साली बंगळूरला सोडलेले हेच भुंगे (झायगोग्रामा) आता बऱ्याच ठिकाणी पसरलेत. भुंगे आणि त्यांच्या अळ्या, दोन्ही पाला फस्त करतात, पण पावसाळ्यातच. कोरड्या दिवसांत मातीत दडी मारतात. एकट्या त्यांच्या भरवशावर प्लॉट साफ होणार नाही. उपटलेली जागा मोकळी ठेवलीत तर मात्र सगळी मेहनत वाया. तिथे टाकळा पेरा, तो दाट वाढून याला दाबतो.

पेठकरी:
थोडं अवांतर. १९५५ साली हे गवत पुण्यातच नजरेत भरलं, आणि दोष जातो पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत करारातून आलेल्या गव्हाला. पण भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये! गव्हातून आलंही असेल, पण त्या करारातल्या नव्हे.

आंबाडी:
धन्यवाद! रविवारी उपटायला घेतो. टाकळ्याचं बी विकत मिळतं का?

रानवाट:
विकत कशाला? दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की घरी आणून फोडा, उन्हाळ्याच्या शेवटी फेका. कोवळ्या पानांची भाजी आजोबांनाही आवडेल.