मदत हवी आहे: बीएस्सी झालं, गावातल्या मुलांना शिकवायचंय. बीएड करू की डीएलएड (पूर्वीचं डीएड)?

रापण

नमस्कार. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून लिहितेय. यंदा बीएस्सी झाले, रसायनशास्त्रात, ५८ टक्के. शिक्षिका व्हायचं हे शाळेत असतानाच ठरवलेलं आहे आणि त्यात काही बदल नाही. अडलंय ते वाटेवर.

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. पट कमी. दोन शिक्षक होते, त्यातले गुरुजी घाटावरचे. फार छान शिकवायचे. आंतरजिल्हा बदली मिळाली आणि ते त्यांच्या गावी गेले. त्यांना दोष कसा द्यायचा, आईवडील तिकडे एकटे होते. पण त्यानंतर सगळे वर्ग एकट्या बाईंवर आले. त्यांनीच विचारलं म्हणून मी संध्याकाळी मुलांना समाजमंदिरात घेऊन बसायला लागले. आता शेजारच्या गावात शाळेला जाणारी सहावी-सातवीची मुलंही येऊन बसतात.

पहिलीतला एक मुलगा शाळेत तोंड उघडत नाही. माझ्याकडे मात्र धडाधड बोलतो. एकदा म्हणाला, “माका सगळा येता, पण तसा बोलूक येना नाय.” ‘तसा’ म्हणजे पुस्तकासारखा. त्या दिवसापासून मला वाटतंय की इथल्या शाळेत इथलं बोलणारं माणूस हवं.

आता घरचं. बाबा मासेमारी करतात. त्यांचं म्हणणं, पदवी घेतल्यावर बारावीच्या मुलींबरोबर डीएलएडला बसायचं म्हणजे तीन वर्षं पाण्यात. मुंबईचे मामा म्हणतात, बीएड केलं की पहिली ते दहावी कुठेही शिकवता येतं. गावातली एक ताई सांगते की बीएडवाल्यांना आता लहान वर्ग मिळत नाहीत. कोण बरोबर?

शिवाय बीएड एक वर्षाचं होणार असं सगळे म्हणतात. थांबावं का? आणि प्रवेश पावसाळ्यात होतात. जून-जुलैत मासेमारी बंदी, तेव्हा घरात रोख पैसा नसतो. फीचं काय करतात? आम्ही मागास प्रवर्गात मोडतो. धाकटी बहीण बारावीला आहे, तिलाही हेच करायचंय. तिच्यासाठी वेगळी वाट आहे का?

माहितगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

टाचणवही

रापण, मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

मामा सांगतात ते काही वर्षं खरं होतं. एनसीटीईने, म्हणजे शिक्षक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बीएडधारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते अमान्य केलं. लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र वेगळं आहे, डीएलएड त्यासाठीच घडवलेलं आहे आणि बीएडमध्ये ते शिक्षण मिळत नाही, हे त्यामागचं कारण. तेव्हा ताई बरोबर आहेत.

पण वडिलांचं ‘पाण्यात’ हे मात्र मला पटत नाही. बीएस्सीवर डीएलएड केलंत तर पहिली ते आठवी दोन्ही गट तुम्हाला खुले राहतात. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक दिला की पहिली ते पाचवी, पेपर दोन दिला की सहावी ते आठवी. बीएस्सीवर बीएड केलंत तर सहावी ते दहावी. त्यात सहावी ते आठवीला टीईटी पेपर दोन लागतो, नववी-दहावीला सध्या टीईटी लागत नाही. पुढे एमएस्सी केलंत तर अकरावी-बारावीही. म्हणजे यातलं एक वरचं आणि एक खालचं असं नाहीच. कोणत्या वयाच्या मुलांसमोर आयुष्य काढायचं, एवढाच प्रश्न आहे.

डीएलएडचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, बीएडला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा आहे. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. तुमचे ५८ टक्के बीएडला पुरेसे आहेत, खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० आणि राखीवला ४५ लागतात.

एक वर्षाच्या बीएडसाठी तुम्ही थांबू नका. एनसीटीईच्या नियमांच्या २०२५ च्या मसुद्यात ते चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण असलेल्यांसाठी सुचवलं आहे. तीन वर्षांची बीएस्सी त्यात बसत नाही.

उरलेलं सांगण्याआधी मला एक विचारायचंय. समाजमंदिरात मोठ्या मुलांबरोबर तुम्ही काय करता? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

गलबत

रापण, एवढा विचार कशाला? माझ्या ओळखीतल्या एकीने लांबच्या एका कॉलेजात बीएड केलं, फक्त परीक्षेपुरती जायची. घरची कामंही झाली आणि पदवीही मिळाली. राहण्याजेवणाचा खर्च वाचेल. चौकशी करून बघा.

टाचणवही

गलबत, तुम्ही मदतीच्या भावनेने सांगताय, पण कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. नियमाने तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, छात्रसेवाकालाला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष कामाला, ९० टक्के हजेरी हवी. आणि नियम बाजूला ठेवला तरी बीएडमध्ये जे मिळतं ते वर्गात उभं राहूनच मिळतं.

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. एकच कौशल्य, समोर आपल्याच वर्गातल्या पाच-दहा मैत्रिणी, सहा मिनिटांचा पाठ. प्रश्न विचारणं, फलकलेखन, दृष्टांत देणं, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणं), असं एकेक. पाठ झाला की लगेच प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं आणि काय चुकलं ते सांगणं, मग पाठाचं टाचण दुरुस्त करून तोच पाठ पुन्हा. पूर्ण चक्र ३६ मिनिटांचं. पहिल्यांदा मुलींना हे खोटं खोटं वाटतं. पण आपण प्रश्न विचारतो आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही आपणच देऊन टाकतो, हे तिथेच पहिल्यांदा कळतं. मागे बसलेली मैत्रीण निरीक्षणवहीत लिहिते, ‘प्रश्नानंतर थांबली नाही.’ ते एक वाक्य दहा व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवतं.

मग सराव पाठ, आणि दोन वर्षांत मिळून २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. तेवढ्यात मुलगी शाळेतली होऊन जाते. परिपाठ घेते, पोषण आहाराच्या रांगेत उभी राहते, पालकांशी बोलते. पेपर तपासताना तिला कळतं की आपण जे शिकवलं आणि मुलांनी जे ऐकलं त्यात किती अंतर आहे. हे घरी बसून कसं मिळणार? आणि अशा शिक्षकापुढे पुढची तीस वर्षं मुलं बसणार असतात हो.

सडा

मी सध्या सिंधुदुर्गातच एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक आहे, म्हणून भरतीचं सांगतो.

टीईटी १५० गुणांची. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीवला ५५. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण टीईटी ही फक्त पात्रता. नोकरी ठरते टेट परीक्षेवर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, दोन तास, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. त्या गुणांवर शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायचे. मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन प्रकार असतात. जिल्हा परिषदेच्या जागा मुलाखतीशिवायच्या यादीत येतात.

जीव टांगणीला लावणारी गोष्ट म्हणजे टेट दरवर्षी होत नाही. २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. म्हणून बीएड संपल्यावर अभ्यासाला लागू असं करू नका, पहिल्या वर्षापासून रोज थोडा थोडा बुद्धिमत्तेचा सराव ठेवा. त्यातली गणितं सुटली तरी वेळ पुरत नाही, तोच खरा अडथळा आहे.

आणि हे मनाची तयारी करून वाचा: यादी राज्याची असते. मालवणची मुलगी मालवणातच लागेल असं नाही. स्थानिकांना प्राधान्य द्या ही मागणी आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे, कारण बाहेरून आलेले शिक्षक बदलीने परत जातात आणि आपल्या शाळा रिकाम्या पडतात, हे तुम्ही लिहिलंतच. पण आज नियम हा आहे. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० आहे. त्याआधी प्राथमिकला ६,००० होतं, त्यामानाने आता जगता येतं.

रापण

टाचणवही ताई, सडा दादा, खूप आभार. बाबांना आणि आईला बसवून सगळं वाचून दाखवलं. १ ते ८ आणि ६ ते १० हे बाबांना लगेच कळलं.

मोठ्या मुलांचं विचारलंत. सातवीच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवत होते. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते असं सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरणार. मग दुसरी म्हणाली, पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, तुम्ही ५० म्हणता, मग चुकतंय कोण? मला उत्तर द्यायचा मोह झाला, पण मी म्हटलं बघूया. आता ती मुलं रोज जेटीवर जाऊन पाणी कधी चढतं ते वहीत मांडतायत. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत अंतर सारखं का येत नाही, यावरून त्यांच्यात भांडणं चालू आहेत. जास्वंदीच्या पाण्यात लिंबू आणि साबण घालून रंग बघणं तर रोजचंच झालंय, घरातलं एक औषध शिल्लक राहिलं नाही तपासायचं.

लहान मुलांना मी वाचायला बसवते. ती मला आवडतात. पण त्यांना अक्षर कसं लागतं, एखादं मूल का अडकतं, हे मला आतून समजत नाही. प्रेम आहे, हातोटी नाही असं म्हणा.

टाचणवही

रापण, तुम्ही उत्तर दिलंत तुमचं.

“चुकतंय कोण” या प्रश्नावर तुम्ही थांबलात. आमच्या मुलींना हे थांबणं यायला एक सत्र लागतं. पाऊणपटीचं गणित अपूर्णांकात जातं, तिथी चंद्राकडे नेते, जेटीवरची वही निरीक्षणात. हा सगळा सहावी ते आठवीचा माल आहे आणि त्या वर्गांना गणित-विज्ञानाची चांगली माणसं हवीच आहेत. माझं मत बीएडचं, पद्धती विषय, म्हणजे जे शिकवायला शिकायचं ते, विज्ञान आणि गणित घ्या.

पण पहिलीतल्या त्या मुलाला सोडू नका. हातोटी शिकता येते, आणि एखाद्या वर्षाने तुम्हाला त्याच वयात राहावंसं वाटलं तर डीएलएडचा रस्ता बंद झालेला नसेल. त्याच्याशी आधी त्याच्या बोलीतच बोला, गोष्ट त्याला मालवणीत सांगू द्या, तुम्ही ती फळ्यावर लिहा, मग तीच गोष्ट दोघांनी मिळून पुस्तकी भाषेत सांगा. बोली पुसून प्रमाण भाषा येत नाही, तिच्या खांद्यावर बसून येते. बीएडच्या अभ्यासक्रमात ‘अभ्यासक्रमातून भाषा’ असा विषय आहे, तेव्हा हे अनुभव वर्गात मांडा. शहरातल्या मुलींना ते ऐकायला मिळायला हवेत.

बहिणीसाठी: बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आहे, पदवी आणि बीएड एकत्र. त्याची प्रवेशपरीक्षा एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, नाव एनसीईटी. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था महाराष्ट्र आणि गोव्याच्या मुलांसाठीही आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय, त्यामुळे तिने ती परीक्षा जरूर द्यावी. घरापासून लांब जावं लागेल, ते तिला आधी विचारा.

आता फी. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्या. संस्थास्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यात घेतलात तर शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि कुणी “इथे आताच जागा पक्की करतो” म्हणालं तरी फेरी सोडू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. मंजुरीची रक्कम यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या वेळी किती भरावं लागेल ते महाविद्यालयात आधीच विचारून ठेवा आणि बंदी लागायच्या आत, म्हणजे मे अखेरपर्यंत, तेवढे बाजूला काढा.

सगळ्यात आधी कागद. जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रिमीलेयर, अधिवास, उत्पन्न, आणि जात वैधता. वैधतेचा अर्ज आजच करा. दरवर्षी हुशार मुली या एका कागदापायी राखीव जागा गमावताना बघते आणि जीव तुटतो.

रापण

बीएड ठरलं. बाबा म्हणाले, मग आता पोरांच्या वहीला माझी तिथीपण लिहून घे. वैधतेच्या अर्जासाठी सोमवारी ओरोसला जातोय. सीईटीचा अभ्यास कुठून सुरू करू, तेवढं सांगाल का?

सडा

१०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, अध्यापन अभियोग्यता ३०. मानसिक क्षमतेपासून सुरू करा, तोच अभ्यास पुढे टेटला कामी येतो. गेली काही वर्षं परीक्षा मार्चमध्ये होतेय आणि अर्ज त्याच्या दोन-तीन महिने आधी सुटतात, म्हणून डिसेंबरपासून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. टीईटी पेपर दोनला तुमचा गट गणित-विज्ञानाचा, त्याला ६० गुण आहेत. सहावी ते आठवीची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलांना शिकवता शिकवता तीच वाचा.