एचबीए१सी ७.१, पण रोजची साखर नॉर्मल : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आईचं (वय ५८) एचबीए१सी (साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ७.१ आलंय. पण उपाशीपोटी साखर ९८, जेवणानंतर दोन तासांनी १३२, आणि घरच्या ग्लुकोमीटरवरही आकडे याच्याच आसपास. त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन ८.४ आणि फेरिटिन अवघं ६, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा पार संपलेला.

एचबीए१सी तांबड्या पेशींवर अवलंबून असतं आणि त्या साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ते मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतं. लोह कमी असलं तर साखर न वाढताही हा आकडा वर जाऊ शकतो, असं वाचलं. डॉक्टरांनी थेट मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) लिहून दिलं, लोहाचा विषयच निघाला नाही. आईने तर एवढा धसका घेतलाय की ताटातली भाकरी अर्धी परत ठेवते.

गोळी आम्ही आपल्या मनाने बंद करणार नाही. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातोय. फ्रुक्टोसामाइन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर कळते) करायला सांगावं, की ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती जीटीटी? या वयात लोह एवढं का घटलं, त्यासाठी कोणत्या तपासण्या विचाराव्यात? नाशिकमध्ये फ्रुक्टोसामाइन कुठे होतं, तेही कृपया सांगा.