'किड ए' पहिल्यांदा ऐकला तेव्हा... (तुमचेही अनुभव लिहा)

ब्रिटिश रॉक बँड रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' (१९९७) हा अल्बम ऐकून आम्ही त्याच्याच पुढच्या भागाची वाट बघत होतो आणि ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी हातात ठेवला 'किड ए'. ना सिंगल (सुटं काढलेलं गाणं), ना व्हिडिओ. चौघांनी वर्गणी काढून आणलेली सीडी आमच्या हॉलमध्ये लावली. पहिल्याच गाण्यात गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे तुकडे ऐकू येताच आई पोळ्या लाटता लाटता ओरडली, "अरे, अडकलीय ती, पूस!" मी पुसली. दोनदा. आता तुम्ही लिहा.

*

मी तर चिडलोच होतो. कॉलेजच्या बँडमध्ये लीड गिटार वाजवायचो, 'ओके कॉम्प्युटर'मधलं 'पॅरानॉइड अँड्रॉइड' बसवायला चार महिने घातलेले. ह्यात गिटारच ऐकू येईना, बसवणार काय, कपाळ? सीडी मित्राच्या गळ्यात मारली. पण 'द नॅशनल अँथम'चा बेस डोक्यातून जाईना. तो खुद्द यॉर्कनं वाजवलाय म्हटल्यावर आमच्या बेसिस्टचं तोंड बघण्यासारखं झालं. सहा महिन्यांनी सीडी परत मागितली, तर मित्र देईना.

*

गिटार अगदीच नाही असं नाही हं. 'हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली' ॲकूस्टिक गिटारवरच उभं आहे. मी तेव्हा सतार शिकत होते. त्या गाण्यात मागून कुणीतरी मींड घेतंय असं वाटायचं. ते ओंद मार्तनो, १९२८ मध्ये लोकांसमोर आलेलं फ्रेंच वाद्य. उजव्या हाताच्या बोटात अंगठी घालून ती तारेबरोबर सरकवायची, डाव्या हातानं आवाज कमी-जास्त करायचा. बँडमधला जॉनी ग्रीनवुड वाजवतो. सतारीच्या बाईंना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी, मग म्हणाल्या, "सुरात आहे गं, पण एवढं रडतंय का?"

*

माझा प्रवास उलटा. ग्रीनवुडनं जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी वादकांबरोबर केलेला 'जुनून' (२०१५) हा अल्बम आधी ऐकला, तिथून मागे आलो. 'किड ए'मधलं 'इडियोटेक' लगेच आवडलं. त्यातले कॉर्ड्स अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या, कॉम्प्युटरवर केलेल्या रचनेतून घेतलेत. मला काहीच विचित्र वाटलं नाही. तुम्ही लोक एवढे का हादरलात?

*

कारण आम्ही पैसे भरले होते!

*

सुरुवातीच्या काही प्रतींमध्ये सीडीच्या ट्रेखाली एक लपवलेली पुस्तिका होती. मला हे दहा वर्षांनी, घर बदलताना डबी फुटली तेव्हा कळलं. ज्यांच्याकडे जुनी सीडी आहे त्यांनी ट्रे जपून उचला. तो पटकन तुटतो.