नैसर्गिक मटेरियलच्या बुटांची कंपनी काढायची आहे, पण सॅम्पलच टिकेनात

रानवाट:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली डोक्यात एकच विषय आहे, नैसर्गिक मटेरियलच्या बुटांची छोटी कंपनी काढायची. घरातले जुने बूट टाकायला काढले तेव्हा लक्षात आलं की यातला एकही जोड कुजणार नाही आणि एकही दुरुस्तही होणार नाही, तेव्हापासून हे मनातून जातच नाहीये. प्लॅन असा की अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, मेरिनो मेंढीच्या लोकरीचं, आतला तळवा कॉर्कचा, सोल नैसर्गिक रबराचा. एका युनिटकडून चार जोड बनवून घेतले आणि रोज घालून फिरलो. दिसायला झकास, पायाला मऊ, पण एका जोडाचा सोल तीन आठवड्यांत पुढून उकलला आणि दुसऱ्याची लोकर करंगळीपाशी विरून भोक पडायला आलंय. मटेरियल चुकलं की काम? आणि अशी कंपनी खरंच उभी राहते का?

फरमा:
बुटांच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो. सोल कशाने चिकटवला ते विचारलंत का? नैसर्गिक बूट म्हटलं की लोक सॉल्व्हंटचं, म्हणजे उग्र वासाच्या रसायनातलं, चिकटवायचं सोल्यूशन टाळून पाण्यावरचं वापरतात आणि ते बरोबरच आहे, त्या वासात दिवसभर बसणाऱ्या माणसाचं डोकं कसं चढतं ते मी बघितलंय. पण पाण्यावरच्या सोल्यूशनला घाई चालत नाही. पूर्ण वाळू द्यायचं, मग साधारण ५० ते ७० अंशाला तापवायचं आणि गरम असतानाच प्रेसमध्ये दाबायचं. आमच्याकडे एकदा दमट हवेत अख्खा लॉट गेला, वरून वाळलेलं वाटत होतं, बोटाला चिकटतही नव्हतं, पण सोल जिथे वर वळतो त्या कडेला बारीक पांढरट रेघ राहिली होती. पांढरट म्हणजे आत अजून पाणी आहे, वाळलं की ते पारदर्शक होतं. सगळे जोड नेमके त्या रेघेपासून सुटले. शिवाय मोल्डमधून आलेल्या सोलवर न दिसणारा तेलकट थर असतो, तो पुसून, घासून खरखरीत केल्याशिवाय कुठलंच सोल्यूशन धरत नाही.

माझं विचाराल तर सोल शिवूनच घ्या. वेळ जास्त लागतो पण झिजला की टाके उसवून नवा बसवता येतो, बाकी बूट तसाच.

लोकरीचं म्हणाल तर मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा, म्हणून तर टोचत नाही, पण इतका बारीक तंतू घासला की विरणारच. बोटांवर आणि कडेला आतून मजबुती द्या, आणि फरमा, म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट बनतो तो, तपासा, करंगळीपाशी अरुंद असेल तर जाड कॅनव्हासही फाटेल, त्यात लोकरीचा काय दोष.

हिशोबी:
फरमा यांच्याशी सहमत, फक्त एक बाजू राहिली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये नेहमीच्या सिंथेटिक रनिंग शूजचा अभ्यास केला होता, एका जोडामागे साधारण १४ किलो कार्बन डायऑक्साइड, ६५ भाग, ३६० च्या वर प्रक्रिया. आणि यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा मटेरियलचा नाही, कारखान्यात बनवताना लागणाऱ्या ऊर्जेचा, कारण वीज कोळशाची आणि शेकडो छोट्या छोट्या प्रक्रिया. म्हणजे लोकर आणि रबर आणलं तरी भाग तेवढेच ठेवले आणि युनिट कोळशावरच चाललं तर तुमचा हेतू अर्धाच साधतो. डिझाइन करताना भाग मोजा, प्रत्येक कमी झालेला भाग हा खरा फायदा आहे.

कंपनी चालते का, तर ऑलबर्ड्स या अमेरिकन बूट कंपनीचं उदाहरण नीट वाचण्यासारखं आहे. २०१६ मध्ये एका लोकरीच्या बुटावर सुरुवात, २०१८ मध्ये उसापासून बनवलेला फोम आणला आणि तो इतर कंपन्यांनाही वापरायला मोकळा ठेवला, हे मला फार मोठं वाटतं. २०२१ मध्ये शेअर बाजारात आले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शेअर ९० टक्क्यांहून जास्त पडला. भराभर नवनवीन वस्तू काढल्या आणि मूळ गिऱ्हाईक सुटलं. उलट फ्रान्सची वेजा ही बूट कंपनी २००५ च्या आसपासपासून ॲमेझॉनच्या जंगलातलं रबर घेते, जाहिरातीवर खर्च करत नाही आणि आता बूट दुरुस्तीची दुकानंही चालवते.

बाभूळसाल:
उसाच्या फोमबद्दल एक सांगतो, तो ईव्हीएच असतो, म्हणजे बुटांत नेहमी वापरतात तेच फोमचं प्लास्टिक, फक्त कच्च्या मालाचा बराचसा भाग पेट्रोलियमऐवजी उसाचा, त्यामुळे कुजत वगैरे नाही. नैसर्गिक रबरालाही गंधक घालून तापवून पक्कं केलं, म्हणजे व्हल्कनाइझ केलं, की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. अननसाच्या पानांचं लेदर म्हणतात त्यावरही प्लास्टिकचा लेप असतो. म्हणून बॉक्सवर 'शंभर टक्के नैसर्गिक' छापू नका, जे आहे तेच छापा, लोक समजून घेतात.

आणि चामडं एकदम बाद करू नका. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याला कित्येक आठवडे लागतात, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं क्रोमवालं दिवसभरात होतं, म्हणून सगळे क्रोमकडे पळतात. पण सालीचं चामडं पायाचा आकार घेतं आणि दहा वर्षं टिकतं. ज्यांना प्राण्याचं नको त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून सुटलेला जोड हातात घेतला, आणि खरंच कडेला पांढरट पट्टी आहे, बघून पोटात कालवलं. भाग मोजले तर २३ भरले, त्यातले चार-पाच नुसते शोभेचे. आता एकच मॉडेल, शिवलेला सोल आणि बॉक्सवर कुठला भाग कशाचा ते सरळ लिहायचं. शिवताना टाके किती अंतरावर घ्यावेत?

फरमा:
फार जवळ घेऊ नका, रबर त्या रेषेवरच फाटतं, तिकिटाच्या छिद्रांसारखं. ३-४ मिलिमीटर ठेवा, दोऱ्याला मेण लावा, आणि विकायच्या आधी दहा वेगवेगळ्या पायांना तीन महिने घालायला द्या. जो जोड सगळ्यात आधी फाटेल तो फेकू नका, टेबलावर ठेवा आणि कापून आत बघा.